सव्वाआठ फुटांची वाट

भाद्रपद सरेपर्यंत पाटण्याच्या खोऱ्यातली वाट पुसली गेलेली असते. उन्हाळ्यात जिथून बिनधास्त चालत गेलो, तिथं आता कुसळी छातीला लागते. मधे तेरडा माजलेला, ओढ्याच्या काठी पावसानं वाहून आणलेले नवे धोंडे. पाटणादेवीच्या देवळामागे उभा राहून मी वाट शोधत होतो आणि माझ्यासोबत आलेले नाना काठीनं गवत दोन्ही बाजूंना झोडपत केव्हाच पुढे निघाले होते. वय सत्तरीच्या पुढचं, पायात टायरच्या चपला. पोरपणी याच डोंगरात गुरं वळलेली. वाट कुठं दिसते तुम्हाला, असं विचारल्यावर मागे न पाहता म्हणाले, "वाट डोयाले दिखत नही भाऊ, पायले समजस."

खरंच होतं ते. शंभर पावलं गेल्यावर माझ्याही तळव्यांना फरक कळू लागला. वाटेवरची माती दाबलेली, गवताची मुळं तिथं विरळ. वाटेबाहेर पाऊल पडलं की ते भुसभुशीत जमिनीत किंचित रुततं. किती पिढ्यांची वजनं त्या पट्टीवर पडली असतील याचा हिशेब नाही, पण जमिनीनं तो ठेवला आहे.

चाळीसगावहून नैऋत्येला साधारण १८ किलोमीटरवर हे खोरं आहे. अजिंठ्याची डोंगररांग इथं आत वळते आणि तिन्ही बाजूंनी काळ्या कातळाच्या भिंती उभ्या राहतात. मधून डोंगरी नदी वाहते, ती पुढे चाळीसगावात तितूरला मिळते. खाली जळगाव जिल्हा, कड्यावर छत्रपती संभाजीनगर जिल्हा. देवळापासून पायवाटा फुटतात. एक केदारकुंडाकडे, एक धवलतीर्थाच्या धबधब्याकडे, एक कण्हेरगडावर नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी करत, आणि एक पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे. आम्हाला पितळखोऱ्याला जायचं होतं. पण या लेखाची सुरुवात माझ्या मनात इथं झाली नव्हती. ती झाली होती फेब्रुवारीत, बर्फात.

माझी धाकटी बहीण झुरिकला असते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा ती आम्हाला आल्प्समधल्या एंगाडिन खोऱ्यात घेऊन गेली. खोऱ्याचा तळच १,८०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. आम्ही धुळ्याचे. बर्फ म्हटलं की आम्हाला गोळा आठवतो, आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन अंगात मुरलेलं. तिथं तळी गोठली होती आणि त्या तळ्यांवरून माणसं चालत होती. चालत म्हणजे सरकत. डोंगरावरून सुसाट खाली येणारं स्कीइंग मी सिनेमात पाहिलं होतं. हे ते नव्हे. याला तिकडे लांग्लाउफ म्हणतात, लांबची चाल. पट्ट्या अरुंद आणि हलक्या, बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी. टाच मोकळी असल्यामुळेच माणूस चालीची लय पकडू शकतो: एक पाय रेटायचा, दुसऱ्यावर सरकायचं, हातातल्या काठ्यांनी जोर द्यायचा. सपाटीवर आणि चढावरही जाता येतं. सत्तरीतल्या बायका गप्पा मारत आमच्या बाजूनं निघून जात होत्या. त्यांच्या चालीत आणि वारीतल्या म्हाताऱ्यांच्या चालीत मला एकच गोष्ट दिसली. घाई नाही, पण थांबणंही नाही.

बर्फात दोन समांतर चर होते, सुतानं आखल्यासारखे. पट्ट्या त्या चरांतून सरकतात. या वाटेला लॉइपे म्हणतात. बहिणीनं सांगितलं की हे चर रोज नव्यानं पाडावे लागतात. रात्री साखळी-चाकांचं यंत्र निघतं, बर्फ दाबत, सपाट करत, चर उमटवत मैलोन् मैल जातं. पहाटे हिम पडलं की सगळं पुसून जातं आणि पुन्हा यंत्र निघतं. त्या रात्री मी खिडकीतून त्याचा दिवा पाहिला. गोठलेल्या तळ्याच्या कडेनं एकच दिवा सावकाश सरकत होता. दिवसा ज्यांना तिथून जायचं होतं ती माणसं झोपली होती.

या खोऱ्यात मार्चमध्ये मालोया ते एस-चान्फ अशी ४२ किलोमीटरची शर्यत होते. ती १९६९ साली सुरू झाली आणि आता दहा हजारांहून जास्त माणसं तीत उतरतात. पण मला शर्यतीपेक्षा त्या दिव्याचं अप्रूप वाटलं. वाट टिकवण्याला खर्च येतो आणि तो खर्च लोक करतात. लांग्लाउफ करणारे हंगामाचा पास काढतात, त्या पैशांतून चर पाडले जातात. उन्हाळ्यातल्या पायवाटांची गोष्ट तर आणखी पुढची. त्या देशात खुणा केलेल्या पायवाटांचं जाळं सुमारे ६५,००० किलोमीटरचं आहे. चौकाचौकात पिवळ्या पाट्या, त्यांवर अंतर नाही, वेळ लिहिलेला: अमुक गाव, दीड तास. १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटांचं कलम देशाच्या राज्यघटनेत घातलं. पुढे कायदा झाला, आणि त्यात एक तरतूद अशी की एखादी नोंदलेली पायवाट मोडावी लागलीच, तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते.

एंगाडिनच्या पाट्यांवर रोमान्श भाषा असते. ती बोलणारी माणसं काही दहा हजारांत मोजावी इतकीच, तरी १९३८ च्या मतदानानं तिला राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला. ती पाटी वाचताना मला अहिराणी आठवली. लाखो लोकांच्या तोंडी असलेली आमची भाषा मी रस्त्यावरच्या एकाही सरकारी पाटीवर वाचलेली नाही.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते गावनकाशे पाहण्याचं. आपल्याकडे वाटांची नोंद नाही असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. भूमी अभिलेखाच्या गावनकाशावर एका तुटक रेषेनं दाखवलेला असतो तो पायमार्ग, आणि दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो तो गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. दोन माणसं डोक्यावर भारा घेऊन समोरासमोर आली तरी एकमेकांना न अडता जावीत एवढी जागा ब्रिटिश काळातल्या मोजणीदारांनी पायी चालणाऱ्यासाठी राखली होती. कायदाही आहे. वाट अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं. बांधावरून वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. खानदेशातला शेतकरी या कलमाचा आकडा पोराच्या जन्मतारखेसारखा पाठ म्हणतो, कारण बांधाच्या भांडणात तालुक्याला खेपा घालून तो त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. म्हणजे नोंद आहे, हक्क आहे. नाही तो रात्रीचा दिवा. नकाशावरची रेषा जमिनीवर राहावी म्हणून दर वर्षी कुणी निघायचं, याचं उत्तर आपल्या कुठल्याही कागदावर नाही. ते काम आजवर पायांनी केलं. गुराख्यांच्या, माळकरणींच्या, नवरात्रात देवीला अनवाणी येणाऱ्यांच्या पायांनी.

आणि ते किती काळ केलं, हे पाटण्याइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं.

पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात पाटण्यात उत्खनन केलं. जमिनीच्या थरांत त्यांना दगडी हत्यारं मिळाली आणि शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. कवचांचे मणी केलेले होते, आणि एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेषांची नक्षी कोरलेली होती. काळ आजपासून सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग धावत होते, आणि कुणीतरी ओढ्याकाठी बसून गारगोटीच्या टोकानं अंड्याच्या कवचावर रेघा ओढत होतं. भारतातल्या सर्वांत जुन्या नक्षीकामांत तिची गणना होते. मी एंगाडिनहून आलो होतो म्हणून मला आणखी एक गोष्ट सुचली. २५,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. ज्या खोऱ्यात मी पिवळ्या पाट्या पाहिल्या ते तेव्हा शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली गाडलेलं होतं. तिथं वाट असणं शक्यच नव्हतं. पाटण्यात त्या दिवशीही कुणीतरी पाण्याकडे चालत गेलं असणार.

नाना पुढे, मी मागे. सालईचं झाड आलं की ते सालीवर हात ठेवून पुढे जात. धावडा, साग, मधेच अंजनाचं एखादं. ओढा तीनदा ओलांडला. एका जागी वाट दोन शिळांमधून अशी काही वळते की नवख्याला ती तिथं संपली असंच वाटावं. नानांनी एका शिळेवर चढून दुसऱ्या बाजूला खाली हात दिला. तिथून वर दगडी पायऱ्या लागतात. झिजलेल्या, काही ढासळलेल्या, पण निःसंशय माणसानं केलेल्या. खानदेशातून वर चढणाऱ्याला लेणी या बाजूनं भेटतात, आणि माझ्या मते तीच योग्य बाजू आहे. कड्यावरून गाडीनं येऊन शे-दोनशे पायऱ्या उतरणाऱ्याला ही लेणी खड्ड्यात वाटतात. खालून येणाऱ्याला ती मुक्कामासारखी वाटतात. तेच त्यांचं मूळ काम होतं.

पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या बौद्ध लेण्यांपैकी. दगड ठिसूळ, त्यामुळे बरंच कोसळलं आहे. तरी विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग उभी आहे, दाराशी भालाईत द्वारपाल आहेत, आणि जिन्याच्या बाजूला पाच फण्यांचा नाग आहे. आतल्या पाण्याचा पाट या फण्यांतून बाहेर पडावा अशी ती योजना. पाऊस नुकताच सरला होता, कातळ ओला होता. नानांनी नागाच्या फण्यावर पाण्याचा हात फिरवून कपाळाला लावला.

इथले दाते कोण होते ते खांबांवरच्या लेखांतून कळतं. पैठणचा एक गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. राजवैद्य मगिल याच्या घरची माणसं. आणि इथंच सापडलेल्या, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या यक्षाच्या हसऱ्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव आहे: कण्हदास, व्यवसायानं सोनार. अत्तरवाला, वैद्य, सोनार. राजे नव्हेत, वाटेवरची माणसं. पैठणहून निघालेला माल याच डोंगररांगेच्या खिंडींतून खानदेशात उतरे आणि गिरणा, तापी ओलांडून भडोचच्या बंदराकडे जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. तिथून अकीकाचे दगड गाड्यांवर लादून आणतात, असंही तो लिहितो, आणि पुढे सांगतो की हा माल मोठ्या, वाटा नसलेल्या मुलखातून येतो. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. २० दिवस गाड्या चालतात, तो मुलूख वाटांचा नाही कसा? बंदरावर बसून लिहिणाऱ्याला फरसबंदी रस्ता दिसला नाही, म्हणून त्यानं वाटच नाही असं मानलं. ही चूक त्याची एकट्याची नाही. आजही विकास आराखड्यात डांबर नसलेली जागा पांढरी सोडतात.

खाली, देवळाकडे परतताना नानांनी बोटानं झाडीत दाखवलं, इथं मोठं गाव होतं म्हणे. होतंच. निकुंभ घराण्याच्या राजवटीत पाटण ही भरलेली पेठ होती. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्यानं आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथं मठ काढला. भास्कराचार्यांनी तो ग्रंथ ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला होता. मठाचा शिलालेख १२०७ सालचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शोधून १८६५ साली प्रसिद्ध केला. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील आला की भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. पेठेत उघडणाऱ्या मालावर सरकारात जाणारा वाटा मठाला दिला आहे, तेलाच्या घाण्यावरून काही मापं तेल द्यायचं आहे. गणित संस्कृतात शिकवायचं, पण तेल कुणी किती द्यायचं ते मात्र ज्याला द्यायचं आहे त्याच्या भाषेत लिहायचं. मराठीच्या आरंभीच्या लेखांत या ओळींना मानाचं स्थान आहे, आणि त्या ओळी एका वाटेवरच्या जकातीबद्दल आहेत. घाटातून माल चढला-उतरला नसता तर त्या मठात दिव्याला तेल नव्हतं.

मग ही पेठ ओस का पडली? सत्ता हलल्या, व्यापार दुसऱ्या खिंडींकडे वळला. ब्रिटिश काळात पूर्वेकडचा घाट मोठा झाला. जेम्स औट्रम १८२५ पासून खानदेशात होता, धरणगावला त्यानं भिल्ल पलटण उभी केली, आणि त्याच्या नावानं औट्रम घाट ओळखला जातो. लोक त्याला कन्नड घाट म्हणतात. १९०० साली चाळीसगाव–धुळे रेल्वे सुरू झाली. माणसं आणि कापूस दोन्ही रुळांवर गेले. ३१ ऑगस्ट २०२१ ला एका रात्रीत पाऊस कोसळला तेव्हा कन्नड घाटात दरडी आल्या, रस्ता बंद झाला, आणि तितूर-डोंगरीचं पाणी चाळीसगावच्या घरांत शिरलं. घाट बंद राहिला तेवढे दिवस गाड्या लांबच्या वाटेनं फिरल्या. त्या दिवसांत जुन्या पायवाटेनं डोंगर चढता येईल का, हे मी चाळीसगावात कितीतरी लोकांना विचारलं. साठीच्या आतल्या एकालाही ती वाट ठाऊक नव्हती.

धुळे जिल्ह्यात मात्र वाट अजून जितीजागती आहे, ठेलाऱ्यांच्या पायाखाली. साक्री, शिंदखेडा, धुळे तालुक्यांतले हे मेंढपाळ पाऊस संपला की मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि चिल्लीपिल्ली घेऊन निघतात. शेतात कळप बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि पुढच्या पावसाला माघारी येतात. वर्षातले सातआठ महिने वाटेवर. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरासमोरून त्यांचा वाडा जाई तेव्हा आजी दाराशी जाऊन भाकरी देई. कोणत्या गावाचं कुरण कधी उघडं, कोणत्या नाल्याला पौषात पाणी, कुठल्या बांधावरून मेंढरं काढता येतात हे त्यांच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतं. आता ऊस आणि केळी बारमाही झाल्या, तारेची कुंपणं आली, महामार्ग चौपदरी झाले. भरधाव ट्रकसमोरून दोनशे मेंढरं पार करणं हा त्यांच्या वाटेवरचा सर्वांत मोठा घाट झाला आहे. एंगाडिनमध्ये रस्त्याखालून लॉइपेसाठी बोगदे पाहिले होते. हिवाळ्यात काही महिने चालणाऱ्या छंदासाठी ते करता येतात, तर पोटासाठी चालणाऱ्यांकरिता महामार्गाखाली मेंढरं जातील एवढी मोरी नक्कीच बांधता येईल. ही मागणी मी इथं नोंदवून ठेवतो.

पाटण्याचं खोरं १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. जंगलात माणसाची वर्दळ नको, हे मला मान्य आहे. २०२१ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून एक नर वाघ शेकडो किलोमीटर चालत इथं पोहोचला तेव्हा माझ्यासारख्या कितीजणांना आनंद झाला. कापसाची शेतं, रेल्वेचे रूळ, गावकुसं यांतून त्यानं वाट काढली, दिवसा दडून आणि रात्री चालून. त्यालाही ओढे आणि बांधच उपयोगी पडले असणार, कारण तुटक रेषा जिथून जातात तिथंच झाडोरा उरलेला आहे. म्हणून जंगल राखणं आणि जुन्या वाटा राखणं यांत मला भांडण दिसत नाही. देवळापासून केदारकुंड, कण्हेरगड आणि पितळखोरं या तीन वाटा नोंदाव्यात, पावसानंतर गावातल्याच माणसांनी त्या मोकळ्या कराव्यात आणि त्यांना त्याची मजुरी मिळावी, खुणा दगडावर लहानशा असाव्यात, सिमेंट आणि कठडे नसावेत. पाटी लावलीच तर तिच्यावर किलोमीटर नको, वेळ लिहावा. आणि एक ओळ अहिराणीत.

उतरताना ऊन कलंडलं होतं. सकाळी आम्ही गेलो होतो तेवढीच एक फिकट पट्टी गवतातून दिसत होती, दोन माणसांच्या एका दिवसाच्या येण्याजाण्याची. शेवटच्या ओढ्याशी बाभळीची एक फांदी पुरानं वाटेवर आडवी आणून टाकली होती. सकाळी तिला वळसा घालून गेलो होतो. नानांनी काठी माझ्या हातात दिली, वाकून फांदीचं बूड धरलं. मी दुसरं टोक धरलं. काटे लागत होते. ओढत ओढत ती बाजूला नेली, झाडीत रेटली.

"आते कोनी ये-जा करत नही," नाना हात झटकत म्हणाले. मग देवळाकडे पाहिलं. "घटस्थापनाले येतीन पोरं."

देवळापाशी पोहोचेपर्यंत त्यांनी वाटेतले आणखी चार धोंडे उचलून कडेला ठेवले.